बीएस्सीला जाण्याआधी दीड महिना हातात आहे. बोलणं, लिहिणं, कॉम्प्युटर... सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ (११ जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा बारावी सायन्स पास झाली. दहावीपर्यंत गावातच, कंधार तालुक्यात, मराठी माध्यमात शिकली. अकरावी-बारावी नांदेडला. नीटमध्ये नंबर लागण्याएवढे मार्क नाहीत आणि तिला रिपीटही करायचं नाही. "मावशी, मला फिजिक्सच शिकायचंय" असं तिने स्वतःहून सांगितलं, त्याचं मला फार बरं वाटलं. पुण्यात बीएस्सीला प्रवेश घेतोय. कॉलेज सुरू व्हायला दीडेक महिना आहे आणि तोवर ती माझ्याकडेच राहणार आहे.

अडचण अशी की, परवा सहज विचारलं, प्रॅक्टिकलला काय काय केलं? म्हणाली, जर्नल लिहिलं. ते कसं? तर पुढच्या बेंचवरच्या मुलीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवून घेतली, आणि त्या मुलीकडे ती आधीच्या बॅचकडून आली होती. दोन वर्षं सगळा वेळ एमसीक्यूमध्ये गेला. चार पर्याय समोर ठेवले की अचूक उत्तर निवडते, पण "हेच का, ते चार वाक्यांत लिही" म्हटलं की पेन थांबतं. इंग्रजीतच नव्हे, मराठीतही. शाळेत कॉम्प्युटर लॅब होती, पण तिला बहुतेक वेळ कुलूप. मोबाइल सफाईने वापरते, तरी फाइल जोडून मेल पाठवायची वेळ तिच्यावर कधी आलेली नाही.

तिचे बाबा म्हणतात स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा. आमचे हे म्हणतात कॉम्प्युटरचा कोर्स लावा. दोन्हीची फी झेपणार नाही आणि लॅपटॉपही इतक्यात घेता येणार नाही. दीड महिन्यात नेमकं काय करून घ्यावं?

---

सातपुडा (११ जून, रात्री १०:०५)

पायथन, ही कोडिंगची भाषा. बाकी सगळं नंतर. आज फिजिक्समध्ये कोडिंगशिवाय पान हलत नाही. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवरही चालतं, फुकट आहे.

---

पेठेतला_पक्या (११ जून, रात्री १०:१२)

नांदेडकडे या दिवसांत "घरात पायथन आणा" असं एकदम सांगू नका हो, मावशी आधी सर्पमित्राला फोन लावतील :)

पुण्यात राहायची सोय झाली का तिची? नसेल तर मेसेज करा, आमच्या ओळखीत एक मुलींचं वसतिगृह आहे.

---

कृष्णाकाठची (११ जून, रात्री ११:३०)

मी कराडजवळच्या एका कॉलेजात सोळा वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. गोदाकाठ ताई, तुमच्या भाचीसारख्या मुली माझ्या वर्गात दर वर्षी निम्म्याहून जास्त असतात, त्यामुळे हा धागा मला जवळचा वाटला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एफवायच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला इंग्रजीत विचारलं, ब्युरेट (द्रावण मोजायची काचेची नळी) भरायच्या आधी पाण्याने धुतलीस, मग पुन्हा त्याच द्रावणाने का खंगाळलीस? ती गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. परीक्षक शून्य लिहिणार तेवढ्यात मी म्हटलं, "मराठीत सांग गं." ती लगेच म्हणाली, "आत पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण पातळ होतं सर, मग रीडिंग जास्त येतं." अगदी बरोबर आणि मोजक्या शब्दांत. परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले. पण मी दर वेळी शेजारी उभी नसणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून स्पोकन इंग्लिशच्या सरसकट क्लासबद्दल मी साशंक आहे. तिथे "माय फेव्हरिट हिल स्टेशन"वर दोन मिनिटं बोलायला शिकवतात. हिला लागणार आहेत ती पन्नास-साठ क्रियापदं: मोजलं, तापवलं, गाळलं, वजा केलं, वाढलं, स्थिर राहिलं, यावरून असं दिसतं. ती आली की प्रयोग सांगता येतो.

सातपुडा, तुमच्या उत्साहाचा आदर आहे, पण ज्या मुलीने अजून एक्सेलमध्ये बेरीज केलेली नाही तिला थेट पायथन दिलं तर ती घाबरून कायमची दूर जाते. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

---

सातपुडा (११ जून, रात्री ११:५२)

मान्य. "बाकी सगळं नंतर" हे मागे घेतो. पण पहिलं वर्ष संपायच्या आत पायथन हवंच, त्यावर ठाम आहे.

---

भाऊ_वऱ्हाडी (१२ जून, सकाळी ७:२०)

कोर्सले नावं ठेवू नका बाप्पा. माह्या पोरीनं एमएस-सीआयटी केलं तवा घरी कॉम्प्युटरच नव्हता. रोज सेंटरवर जाऊन बसे. माऊस कसा धरावा, फोल्डर म्हंजे काय, फाइल कुठं ठेवली अन् कुठं गेली, हे तिथंच समजलं. सरकारी नोकरीच्या फॉर्मातही ते सर्टिफिकेट मागतेत, म्हंजे वाया तं जात नाही. अन् मुख्य म्हंजे हात भीत नाही मंग. मशीनची भीती जाणं हीच अर्धी लढाई हाये.

---

कृष्णाकाठची (१२ जून, सकाळी ८:०५)

भाऊ, तुमचा "हात भीत नाही" हा मुद्दा सोळा आणे खरा. फोल्डरचं तर विचारूच नका. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल "कुठेतरी" असते ही कल्पनाच नसते. असाइनमेंट मागितली की माझ्याकडे एकाच नावाच्या चाळीस फाइली येतात: "न्यू डॉक्युमेंट". म्हणून पहिल्या दिवशी फाइलला नाव द्यायला शिकवते: रोल नंबर, विषय, प्रयोग क्रमांक, तारीख.

---

शब्दांकित (१२ जून, सकाळी ९:३०)

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. थोडं कडू वाटेल, पण मराठीत लिहायला लावून तिचा वेळ घालवू नका. पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, व्हायवा (तोंडी परीक्षा) इंग्रजीत. आजपासून घरात इंग्रजीच बोला. सवयीने येतं.

---

निवृत्त_प्रयोगशाळा (१२ जून, दुपारी १:१५)

मी ३१ वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये प्रयोगशाळा सहाय्यक होतो. शिकवायचं काम माझं नव्हतं, पण मुलांच्या हाताकडे बघायचं काम माझंच होतं.

मावशी, कोर्स नंतर बघू. आधी पोरीला घरात एक प्रयोग करू द्या. तिचा स्वतःचा, कुणाच्याही जर्नलमधून न उतरवलेला. दोऱ्याला काहीतरी जड बांधा आणि आढ्याला किंवा खिडकीच्या गजाला टांगा. झाला दोलक. चार वेगवेगळ्या लांब्या घ्यायच्या आणि प्रत्येकीला वीस झोक्यांचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्यायचा. झोका लहान ठेवायचा. मोजताना "शून्य" म्हणून घड्याळ सुरू करायचं, "एक" म्हणून नाही, नाहीतर विसाऐवजी एकोणीसच झोके मोजले जातात. निम्मी मुलं इथेच चुकतात आणि मग म्हणतात स्टॉपवॉच खराब आहे.

रीडिंग पेनाने वहीत लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. आलं तसं लिहायचं. मग त्याच आकड्यांचा तक्ता मोबाइलवर गूगल शीट्समध्ये करायचा, जीची (गुरुत्व त्वरणाची) किंमत काढायची, आणि काय केलं ते एक पान लिहायचं. आधी मराठीत.

शब्दांकित सर, मी इंग्रजीच्या विरोधात नाही. पण मराठीत एक पान सरळ लिहिता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नसते, काय झालं ते मनात उलगडलेलं नसतं. इंग्रजीत मग ती पुन्हा पाठच करणार. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. सगळ्या वर्गाचं कन्क्लुजन एकच असतं, स्पेलिंगच्या चुकांसकट.

---

पेठेतला_पक्या (१२ जून, दुपारी १:४०)

काका, आमच्या वेळी जर्नलला खाकी कव्हर, पेन्सिलीने समास, वर लेबल, सगळं टापटीप. रीडिंग सोडून सगळं आमचं स्वतःचं होतं :)

---

हिमफूल (१२ जून, सायंकाळी ६:५०)

निवृत्त काकांना मनापासून अनुमोदन. मी मूळची सोलापूरची, आता जर्मनीत गटिंगेनला जीवशास्त्रात काम करते. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाची लॅब नोटबुक आधी तपासतात, इंग्रजी नाही. माझ्या गटात कोणाचंच घरचं इंग्रजी नाही. उच्चारांवरून कुणी अडत नाही. काय मोजलं, कशात मोजलं, किती वेळा मोजलं, हे धड न सांगता आलं तर मात्र सगळं अडतं. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान यामुळेच गमावलं. एका बाजूचे आकडे पाउंडाच्या हिशेबात, दुसरी बाजू ते न्यूटनच्या हिशेबातले समजून चालली. इंग्रजी दोन्हीकडे उत्तम होतं.

एक्सेल आणि शीट्सबद्दल एक सावधगिरी. ही साधनं न विचारता मदत करतात. आमच्या क्षेत्रात "मार्च-१", "सेप्ट-२" अशा नावांची जनुकं होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, आणि तशा चुका छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही सापडल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. म्हणून आकडे भरून झाले की तक्ता वहीशी एकदा ताडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरं, आलेख. मुलं हमखास लाइन चार्ट निवडतात. त्यात क्ष-अक्षावरचे आकडे नुसती लेबलं म्हणून सारख्या अंतरावर बसतात, मग ४० नंतर ६० असो की ९०. विज्ञानात बहुतेक वेळा स्कॅटर (बिंदूंचा, दोन्ही अक्षांवर खरं माप असलेला आलेख) हवा असतो.

आणि मेल. सरांना व्हॉट्सअॅपवर "हाय सर, डाउट आहे" असं लिहायचं नाही. विषयाच्या ओळीत वर्ग, रोल नंबर, प्रयोगाचं नाव. मजकुरात तीन वाक्यं: मी काय केलं, कुठे अडलं, मला काय वाटतं. तिसरं वाक्य बहुतेक मुलं लिहीतच नाहीत, आणि शिक्षक उत्तर देतात ते त्याच वाक्याला. मावशींनी रोज एक मेल तिच्याकडून स्वतःला पाठवून घ्यावा.

---

गोदाकाठ (१२ जून, रात्री ९:१५)

किती मनापासून लिहिताय सगळे. तुमचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. काकांचा प्रयोग उद्यापासून. जड काय बांधायचं यावर घरात चर्चा चालू आहे, यजमानांनी वरवंटा सुचवला होता, तो नामंजूर झाला.

---

दर्याकिनारी (१३ जून, रात्री १२:१०)

मी रत्नागिरीची, एसवाय बीएस्सीला आहे. मराठी माध्यमातूनच आले, म्हणून लिहावंसं वाटलं. तुमच्या भाचीला सांगा, पहिला महिना कठीण जातो आणि मग सरतो.

माझ्या बाबतीत लेक्चर समजायचं, पण नोट्स उतरवायचा वेग नव्हता. सर बोलत पुढे जायचे आणि मी अर्ध्या वाक्यात अडकायचे. मग मी वाक्यं लिहिणंच बंद केलं. नुसते शब्द, बाण, आकृती. रात्री त्यावरून मराठी-इंग्रजी मिसळून दहा ओळी लिहायचे. दिवाळीपर्यंत त्या दहातल्या आठ ओळी आपोआप इंग्रजीत यायला लागल्या. शब्द अडला की मराठी विश्वकोशात बघायचे, तो नेटवर फुकट आहे. आवर्तकाल म्हणजे पिरियड, त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, हे दहावीपर्यंत आपल्याला येतच असतं, फक्त जोडी लावायची राहिलेली असते.

माझ्याकडेही लॅपटॉप नव्हता, अजून नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल म्हणून छोटे व्हिडिओ आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत. लिबर ऑफिस कॅल्क (एक्सेलसारखंच, पण फुकट) मी त्यावरूनच शिकले. व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, तेच स्वतः करायचं, मग पुढे. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चारनंतर कुणी नसतं. लॅबच्या दादांना नीट विचारलं की बसू देतात.

मोबाइलवर फायफॉक्स नावाचं अॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलंय, फुकट आहे. फोनमधले सेन्सर वापरून त्वरण, आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. मी एसटीत बसून खड्ड्यांचा आलेख काढला होता. हातखंब्याच्या अलीकडचा आलेख अजून जपून ठेवलाय :)

आणि एक. वर्गात हात वर करायची भीती वाटत असेल तर लेक्चर संपल्यावर टेबलाजवळ जाऊन विचारायचं. मराठीत विचारलं तरी चालतं. मला अजून एकाही सरांनी हाकलून दिलेलं नाही.

---

शब्दांकित (१३ जून, सकाळी ८:४०)

दर्याकिनारी, तुझा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. दहा ओळींची युक्ती मी माझ्या नववीच्या वर्गात वापरणार आहे. फक्त एक जोड देतो: त्या ओळी मोठ्याने वाचायच्या. कानाला चूक लवकर कळते, आणि व्हायवात तोंड उघडायची सवयही होते.

---

भाऊ_वऱ्हाडी (१३ जून, सकाळी ९:०२)

पोट्टी हुशार हाये. रत्नागिरीच्या लेकीले आमच्याकडून संत्री.

---

पेठेतला_पक्या (१३ जून, सकाळी ९:१०)

अवांतर: ऐन जूनमध्ये संत्री देऊ करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा का? :)

---

सातपुडा (१३ जून, सकाळी ११:००)

अवांतर थांबवतो. मावशी, बीएस्सीच्या नव्या रचनेची माहिती कॉलेजातून आत्ताच काढून ठेवा. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषयांबरोबर भाषा आणि कौशल्यांचे वेगळे पेपर असतात. त्यात संगणकाचा एखादा पर्याय असेल तर तिने तोच घ्यावा. क्लासची फी वाचेल.

---

गोदाकाठ (१८ जून, रात्री १०:२०)

पाच दिवसांनी येतेय. इतके दिवस घरात दोलक चालू होता. वरवंट्याऐवजी जुनं पितळी कुलूप सापडलं, ते माजघराच्या आढ्याला टांगलं. पहिल्या दिवशी झोके मोजताना तिने "एक" म्हणूनच घड्याळ सुरू केलं होतं, काकांचं वाक्य आठवलं आणि सगळी रीडिंग एक रेघ मारून पुन्हा घेतली. खालचं तिने स्वतः टाइप केलंय, मी एक शब्दही बदललेला नाही.

*नमस्कार. मी दोऱ्याची लांबी चार वेळा बदलली. ४० सेंमीला वीस झोक्यांना २६.५ सेकंद लागले, ६० सेंमीला ३२.०, ८० सेंमीला ३६.७ आणि १०० सेंमीला ४०.८. प्रत्येक रीडिंग तीनदा घेऊन सरासरी काढली. मग सूत्रात घालून जीची किंमत काढली. ती अनुक्रमे ९.०, ९.२५, ९.३८ आणि ९.४९ आली. पुस्तकात ९.८ आहे. माझी चूक झाली असणार हे मला समजलं. पण चूक असती तर कधी जास्त, कधी कमी यायला पाहिजे होती. माझी किंमत लांबी वाढेल तशी वाढतच जाते. असं का होतं ते मला समजलं नाही. मला वाटतं की लहान लांबीला काहीतरी जास्त बिघडतं.*

रीडिंग जुळवून ९.८ करून टाकू का, असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, काकांना विचारू.

---

कृष्णाकाठची (१८ जून, रात्री १०:४५)

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. "मला वाटतं की" हे तिसरं वाक्य तिने लिहिलंय! माझ्या टीवायच्या मुलांकडून मला ते काढून घ्यावं लागतं.

---

निवृत्त_प्रयोगशाळा (१९ जून, सकाळी ६:३०)

बाळा, एकही आकडा बदलू नकोस. तुझी रीडिंग उत्तम आहेत. ३१ वर्षांत अशी प्रामाणिक रीडिंग मी फार थोड्या वेळा बघितली.

तुझं वाक्य बरोबर आहे, लहान लांबीला जास्त बिघडतं. आता आलेख काढ. क्ष-अक्षावर लांबी मीटरमध्ये, य-अक्षावर आवर्तकालाचा (एका झोक्याच्या वेळेचा) वर्ग, आणि स्कॅटर. शीट्समध्ये स्लोप (म्हणजे रेघेचा चढ) नावाचं सूत्र आहे, त्यात आधी वर्गाचे आकडे द्यायचे, मग लांबीचे. उलटं दिलंस तर उत्तर चुकेल. आलेल्या चढाने ३९.४८ ला (म्हणजे सूत्रातल्या चार पाय-वर्गाला) भाग. मग तसंच इंटरसेप्ट (रेघ य-अक्षाला जिथे छेदते ती किंमत) काढ आणि मला सांग, तुझी रेघ शून्यातून जाते का?

---

गोदाकाठ (१९ जून, दुपारी ४:०५)

*काका, स्लोप ४.०१ आला. भागल्यावर जी ९.८४! पण रेघ शून्यातून जात नाही. इंटरसेप्ट ०.१५ येतो. म्हणजे दोऱ्याची लांबी शून्य असली तरी झोक्याला वेळ लागतो? असं कसं होईल?*

---

हिमफूल (१९ जून, सायंकाळी ७:१०)

किती सुंदर प्रश्न. काका, उत्तर देऊ नका हं लगेच.

---

निवृत्त_प्रयोगशाळा (१९ जून, रात्री ८:००)

नाही देत. ०.१५ ला ४.०१ ने भाग, जे येईल ते मीटरमध्ये आहे. आणि मला सांग, लांबी मोजताना पट्टी कुठून कुठपर्यंत लावलीस?

---

गोदाकाठ (१९ जून, रात्री ८:४०)

*वर गाठीपासून खाली कुलपाच्या कडीपर्यंत.*

*थांबा. भागाकार पावणेचार सेंमीच्या आसपास येतोय. मी कुलूप धरलंच नव्हतं. दोरा कडीला संपतो, पण वजन तर खाली कुलपाच्या पोटात आहे. पट्टी आणते.*

---

गोदाकाठ (१९ जून, रात्री ८:५२)

*मोजलं. कडीच्या टोकापासून पोटाच्या मध्यापर्यंत ३.७ सेंमी.*